सर्व्हर चॅसिसमधील वीज व्यवस्थापन

सर्व्हर चॅसिसमधील वीज व्यवस्थापन म्हणजे एकाच सांगाड्यात बसवलेल्या अनेक सर्व्हरांच्या वीजवापराचे सतत मापन करणे, उपलब्ध विजेचे त्यांच्यात वाटप करणे आणि पुरवठ्यात बिघाड झाल्यास यंत्रणा चालू राहील अशी तजवीज करणे होय. ही पद्धत प्रामुख्याने ब्लेड सर्व्हरांच्या चॅसिसमध्ये वापरली जाते.

पार्श्वभूमी

स्वतंत्र सर्व्हरमध्ये त्याचे स्वतःचे पॉवर सप्लाय व पंखे असतात. ब्लेड सर्व्हरमध्ये मात्र हे दोन्ही घटक चॅसिसमध्ये असून सर्व ब्लेडांना ते सामाईक असतात. आयबीएमचे ब्लेडसेंटर (२००२), एचपीचे ब्लेडसिस्टिम सी७००० (२००६) आणि डेलचे पॉवरएज एम१०००ई (२००८) ही या प्रकाराची परिचित उदाहरणे आहेत. शेवटच्या दोन्ही चॅसिसमध्ये अर्ध्या उंचीचे १६ ब्लेड आणि सहा पॉवर सप्लाय बसतात. पुरवठा सामाईक असल्यामुळे त्यातील चुकीच्या नियोजनाचा फटका एकाच वेळी सर्व ब्लेडांना बसू शकतो.

मापन

पॉवर सप्लायमधील संवेदक विद्युतदाब, विद्युतप्रवाह, शक्ती व तापमान मोजतात. ही मोजमापे बहुधा पीएमबस या संदेशवहन मानकाद्वारे चॅसिसच्या व्यवस्थापन नियंत्रकाकडे जातात. प्रत्येक ब्लेडवर स्वतंत्र बेसबोर्ड व्यवस्थापन नियंत्रक असतो. तो मुख्य प्रोसेसर बंद असतानाही राखीव विजेवर चालू राहतो.

नोंदींमध्ये तत्क्षणी वापर (वॅट), ठरावीक काळातील सर्वोच्च वापर आणि एकूण ऊर्जा (किलोवॅट-तास) यांत भेद केला जातो. विजेच्या खर्चाचा हिशेब ऊर्जेवरून होतो, तर तारा, सर्किट ब्रेकर व पॉवर सप्लाय यांची क्षमता ठरवताना सर्वोच्च वापर विचारात घ्यावा लागतो.

विजेचे वाटप

ब्लेड सुरू होण्यापूर्वी त्यातील प्रोसेसर, मेमरी इत्यादी घटकांनुसार त्याची गरज ठरवली जाते व चॅसिसच्या नियंत्रकाकडे तेवढ्या विजेची मागणी नोंदवली जाते. शिल्लक पुरेशी असेल तरच ब्लेड सुरू करण्याची परवानगी मिळते. त्यामुळे प्रत्यक्ष वापर कमी दिसत असतानाही नवा ब्लेड सुरू न होण्याची शक्यता असते, कारण वाटप झालेली वीज आणि वापरलेली वीज या वेगळ्या बाबी आहेत. एम१०००ई मध्ये ब्लेडांना १ ते ९ असा प्राधान्यक्रम देता येतो. त्यात १ हा सर्वोच्च असून टंचाईच्या वेळी खालच्या क्रमाच्या ब्लेडांची वीज आधी कमी केली जाते.

राखीव क्षमता

पॉवर सप्लाय दोन स्वतंत्र वीजमार्गांवर समान विभागल्यास एक मार्ग पूर्णपणे बंद पडला तरी चॅसिस चालू राहू शकतो. उदाहरणार्थ, प्रत्येकी २,७०० वॅटचे सहा पॉवर सप्लाय ३+३ पद्धतीने जोडल्यास एकूण क्षमता १६,२०० वॅट असते, पण सुरक्षितपणे वापरण्याजोगी क्षमता ८,१०० वॅटच राहते. भार ९,००० वॅट झाला, तर प्रत्येक मार्गावर ४,५०० वॅट म्हणजे निम्म्याहून थोडाच अधिक भार असल्याने नेहमीच्या कामात काहीही वावगे दिसत नाही. एक मार्ग खंडित होताच मात्र उरलेल्या तीन पॉवर सप्लायवर क्षमतेपेक्षा ९०० वॅट अधिक भार पडतो. ब्लेडांचा वापर तत्काळ कमी झाला नाही, तर अतिभारामुळे संपूर्ण चॅसिस बंद पडू शकतो. म्हणून दोन्ही मार्गांचा भार वेगवेगळा न पाहता त्यांची बेरीज एका मार्गाच्या क्षमतेशी ताडून पाहणे आवश्यक असते.

वीजमर्यादा

व्यवस्थापक चॅसिसला किंवा एखाद्या ब्लेडला कमाल वीजवापराची मर्यादा घालून देऊ शकतो. ही मर्यादा ओलांडली जाऊ लागल्यास प्रोसेसरची वारंवारता व विद्युतदाब कमी केला जातो. प्रोसेसरची गतिक शक्ती वारंवारतेच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने दोन्ही किंचित कमी केल्यासही लक्षणीय बचत होते. त्याबदल्यात गणनेचा वेग घटतो.

कार्यक्षमता व उष्णता

पॉवर सप्लायची कार्यक्षमता फार कमी भारावर घटते. ८० प्लस प्रमाणनाच्या टायटॅनियम श्रेणीत २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ५० टक्के भाराला ९६ टक्के, तर १० टक्के भाराला ९० टक्के कार्यक्षमता अपेक्षित असते. त्यामुळे भार कमी असताना काही पॉवर सप्लाय सज्ज स्थितीत ठेवून उरलेल्यांवर भार एकवटण्याची सोय काही चॅसिसमध्ये असते.

वापरलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. ८,१०० वॅट भारासाठी सुमारे २.३ टन क्षमतेचे शीतकरण लागते. पंख्यांना लागणारी शक्ती त्यांच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून तापमानानुसार पंख्यांचा वेग बदलणे हाही वीज व्यवस्थापनाचाच भाग मानला जातो.

मानके

वेगवेगळ्या उत्पादकांच्या सर्व्हरांवर समान पद्धतीने देखरेख करता यावी, यासाठी १९९८ मध्ये आयपीएमआय हे मानक जाहीर झाले. २०१५ मध्ये डीएमटीएफ या संस्थेने रेडफिश हे वेब तंत्रज्ञानावर आधारित मानक प्रसिद्ध केले. वीजवापराचे वाचन, वीजमर्यादा आणि पॉवर सप्लायची स्थिती या बाबींचा त्यात समावेश आहे.