कुत्र्याची ॲलर्जीची खाज : कारण शोधण्याचा क्रम आणि उपचार

कुत्रा अधूनमधून अंग खाजवतो, त्यात काळजी करण्यासारखे काही नसते. पण झोपेतून उठून खाजवणे, पंजे सतत चाटणे, वारंवार कान झटकणे, पोट किंवा काखा चावून लाल करणे, सतरंजीवर तोंड घासणे हे प्रकार आठवडाभर चालू राहिले तर तो आजार समजावा. फिकट रंगाच्या कुत्र्यांमध्ये सतत चाटल्यामुळे पंजांवरचे केस लाळेने तांबूस होतात. पुष्कळदा हीच खूण घरच्यांच्या नजरेला आधी पडते.

दीर्घकाळ टिकणाऱ्या खाजेमागे अनेकदा ॲलर्जी असते. दवाखान्यात एक इंजेक्शन दिले की खाज दोन-चार दिवसांत थांबते आणि काही आठवड्यांनी पुन्हा सुरू होते, हा अनुभव बऱ्याच कुत्रेपालकांना येतो. इंजेक्शनने खाज दबते, कारण मात्र तसेच राहते. म्हणून ॲलर्जीच्या उपचारात औषधाइतकेच महत्त्व कारण शोधण्याच्या क्रमाला आहे.

ॲलर्जीत नेमके काय होते?

धुळीतील सूक्ष्म कीटक, परागकण, पिसवांची लाळ किंवा एखादे प्रथिन निरोगी कुत्र्याला त्रास देत नाही. ॲलर्जी असलेल्या कुत्र्याची रोगप्रतिकारशक्ती मात्र त्यालाच शत्रू मानते. त्यातून त्वचेत दाह होतो आणि खाजेचे संदेश नेणारी रसायने बाहेर पडतात. यांपैकी ‘इंटरल्यूकिन-३१’ हे प्रथिन कुत्र्यांच्या खाजेत महत्त्वाचे ठरले आहे. कुत्रा खाजवतो, त्वचा फाटते, तिथे जिवाणू आणि यीस्ट वाढतात आणि त्यांच्यामुळे खाज आणखी वाढते. हे चक्र तोडणे हे उपचाराचे पहिले काम असते.

माणसाला ॲलर्जी झाली की शिंका येतात, डोळ्यांतून पाणी येते. कुत्र्यात तीच ॲलर्जी मुख्यतः त्वचेवर आणि कानांत दिसते. वारंवार कान फुटणाऱ्या कुत्र्याला अनेकदा कानाचा वेगळा आजार नसतो, ॲलर्जीच असते.

तीन मुख्य प्रकार

*पिसवांची ॲलर्जी.* खाज मुख्यतः कमरेच्या मागच्या भागात, शेपटीच्या बुडाशी आणि मांड्यांवर असते. संवेदनशील कुत्र्याला मोजके चावेही पुरतात, त्यामुळे अंगावर पिसू दिसली नाही म्हणून हे कारण बाद होत नाही.

*खाद्याची ॲलर्जी.* ही कोणत्याही वयात सुरू होते आणि वर्षभर राहते. काही कुत्र्यांना सोबत पातळ शौच, वरचेवर शौचाला जाणे किंवा गॅसचा त्रास असतो.

*वातावरणातील घटकांची ॲलर्जी.* हिला ‘एटोपी’ म्हणतात. बहुतेक कुत्र्यांत ती सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होते. पंजे, काखा, जांघा, तोंड आणि कान या जागांवर तिचा जोर असतो. लॅब्रेडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, बुलडॉग, शिह त्झू अशा जातींत ती जास्त आढळते, पण गावठी कुत्रेही तिला अपवाद नाहीत. घरातल्या धुळीतील सूक्ष्म कीटक हे तिचे मोठे कारण आहे. त्यांना दमट हवा मानवते.

एकाच कुत्र्याला दोन किंवा तिन्ही प्रकार असू शकतात. तेव्हा प्रत्येकाचा थोडा थोडा वाटा मिळून खाज असह्य होते. पिसवांचा बंदोबस्त नीट केला तरी अशा कुत्र्याची खाज बरीच कमी होते.

पहिली पायरी : पिसवा आणि खरूज

पिसवा शोधण्याची सोपी रीत घरी करता येते. कुत्र्याला पांढऱ्या कागदावर उभे करून बारीक दातांच्या फणीने विंचरावे. खाली पडलेले काळे कण ओल्या कापसावर ठेवल्यावर तांबूस डाग उमटला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त असते.

घरातल्या एकूण पिसवांपैकी प्राण्याच्या अंगावर असलेल्या प्रौढ पिसवा साधारण ५ टक्केच असतात. उरलेल्या अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात अंथरुणात, सोफ्याखाली, फरशीच्या फटींत असतात. म्हणून केवळ कुत्र्याला आंघोळ घालून भागत नाही. घरातल्या सर्व कुत्र्यामांजरांना पिसवांचे औषध देणे, अंथरूण गरम पाण्यात धुणे आणि कानेकोपरे झाडून घेणे हे काम किमान तीन महिने चालू ठेवावे लागते. महाराष्ट्राच्या हवेत पिसवा वर्षभर जगतात, त्यामुळे औषधही वर्षभर द्यावे लागते.

आजकाल यासाठी फ्लुरालेनर, ॲफोक्सोलेनर, सॅरोलेनर या गटातील चघळायच्या गोळ्या वापरतात. त्या पिसवा आणि गोचीड तर मारतातच, खरजेच्या किड्यांवरही चालतात. ज्या कुत्र्याला फिट्स येतात त्याच्याबाबत मात्र त्या देण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगणे आवश्यक आहे. कोली जातीच्या आणि तिच्याशी नाते असलेल्या काही कुत्र्यांना आयव्हरमेक्टिनची मोठी मात्रा विषारी ठरते, म्हणून ते औषध ऐकीव माहितीवर देऊ नये.

खरूज ॲलर्जीसारखीच दिसते. कानांच्या कडा, कोपर आणि घोटे यांवर खपल्या, प्रचंड खाज आणि घरातल्या माणसांच्या हातापोटावर उठलेले पुरळ या तिच्या खुणा आहेत. त्वचा खरवडून केलेल्या तपासणीत किडा दर वेळी सापडतोच असे नाही. म्हणून संशय असेल तर थेट उपचार करून पाहतात.

दुसरी पायरी : जंतुसंसर्ग

त्वचेवर टेप किंवा काच दाबून घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की जिवाणू आणि यीस्ट लगेच समजतात. तपासणी स्वस्त आहे आणि तिचा उपयोग मोठा आहे, कारण संसर्ग असताना खाजेची औषधे नीट लागू पडत नाहीत. तेलकट अंग, आंबूस वास आणि काळी, जाड झालेली कातडी दिसली तर यीस्टची शंका घ्यावी. पावसाळ्यात केस ओले राहिले की हा त्रास वाढतो.

सौम्य संसर्ग क्लोरहेक्सिडीन असलेल्या शाम्पूने आटोक्यात येतो. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा आंघोळ घालतात. पाणी कोमट किंवा गार असावे. फेस दहा मिनिटे अंगावर ठेवून मग धुवावा आणि पंजांच्या बोटांमधली जागाही कोरडी करावी. प्रतिजैविके डॉक्टरांनी सांगितली तरच द्यावीत आणि ती अर्धवट सोडू नयेत.

तिसरी पायरी : खाद्याची चाचणी

रक्त, लाळ किंवा केस तपासून खाद्याची ॲलर्जी ओळखण्याच्या चाचण्या विकल्या जातात. त्या विश्वासार्ह नाहीत. खात्रीचा मार्ग एकच आहे : किमान आठ आठवडे असे खाद्य द्यायचे, ज्यातील प्रथिन कुत्र्याने पूर्वी कधी खाल्लेले नाही किंवा ज्यातील प्रथिनांचे अतिशय बारीक तुकडे केलेले आहेत. दुसऱ्या प्रकाराला ‘हायड्रोलाइज्ड’ खाद्य म्हणतात.

या काळात बाकी सर्व बंद असते. दूध, दही, पनीर, पोळीचा तुकडा, बिस्कीट, अंडे, इतकेच काय, चिकनची चव दिलेली औषधाची गोळीसुद्धा चालत नाही. चाचणी फसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे घरातले कोणीतरी लाडाने काहीतरी भरवते. आजी-आजोबा, मुले, कामाला येणाऱ्या मावशी, सोसायटीचे वॉचमन या सर्वांना आधीच सांगून ठेवावे लागते.

खाज कमी झाली तरी निष्कर्ष तिथे निघत नाही. जुने खाद्य पुन्हा सुरू करायचे. बहुधा दोन आठवड्यांच्या आत खाज परतली तर निदान पक्के होते. मग एकेक पदार्थ देऊन नेमका दोषी शोधता येतो.

२०१६ मध्ये खाद्याची ॲलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र तपासण्यात आल्या. त्यांत गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७ टक्के, चिकन १५ टक्के आणि गहू १३ टक्के कुत्र्यांत कारणीभूत आढळले. या नोंदींत पाश्चात्त्य देशांतील कुत्र्यांचा भरणा होता, त्यामुळे आकडे इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी त्यांतून एक गोष्ट दिसते : कुत्रा ज्या प्रथिनांवर वाढतो त्यांचीच ॲलर्जी त्याला होते. दूध-पोळी आणि चिकन-भातावर वाढलेल्या कुत्र्याचा विचार त्या दिशेने करावा. केवळ धान्य वगळलेले महाग खाद्य घेतल्याने प्रश्न सुटेलच असे नाही.

चौथी पायरी : एटोपीचे उपचार

वरची सर्व कारणे दूर करूनही खाज उरली तर एटोपीचे निदान होते. ती पूर्ण बरी होत नाही, पण आटोक्यात ठेवता येते. उपलब्ध औषधांचे स्वरूप असे आहे :

- प्रेडनिसोलोन आणि इतर स्टेरॉइड. स्वस्त आणि झटपट काम करणारी. थोड्या दिवसांसाठी उपयुक्त. भूक, तहान आणि लघवी वाढते. दीर्घकाळ दिल्यास पोट सुटते, कातडी पातळ होते, संसर्ग आणि मधुमेहाचा धोका वाढतो. आठवडेच्या आठवडे असर टिकणारी इंजेक्शने वारंवार घेणे सर्वात जोखमीचे, कारण दिलेली मात्रा परत काढून घेता येत नाही. रोजच्या गोळ्याही एकदम बंद न करता हळूहळू कमी करतात.
- ऑक्लासिटिनिब. खाजेच्या संदेशाला पेशीच्या आत अडवणारी गोळी. अमेरिकेत तिला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. परिणाम दिवसभरात दिसू लागतो. एक वर्षाखालील किंवा गंभीर संसर्ग असलेल्या कुत्र्याला देत नाहीत.
- लोकिव्हेटमॅब. इंटरल्यूकिन-३१ ला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड. साधारण महिन्यातून एकदा इंजेक्शन.
- सायक्लोस्पोरिन. दीर्घकालीन वापरासाठी. पूर्ण परिणामाला चार ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला उलट्या होऊ शकतात.
- ॲलर्जन इम्युनोथेरपी. त्वचेच्या किंवा रक्ताच्या चाचणीतून घटक निवडून त्यांची अल्प मात्रा नियमित देतात. गुण येतो की नाही हे कळायला वर्षही लागते, पण मूळ प्रतिक्रियेत बदल घडवणारा उपचार हाच आहे.
- ओमेगा-३ मेदाम्ले. त्वचेचे आवरण सुधारते. परिणामाला दोन-तीन महिने लागतात. एकटे क्वचितच पुरते.

सेटिरिझिनसारख्या गोळ्या माणसांना लागू पडतात, कुत्र्यांत त्यांचा परिणाम फारसा नसतो. शिवाय सर्दीच्या मिश्र गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन किंवा पॅरासिटामॉल असू शकते आणि ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

काय करू नये?

केस गळलेल्या, खाजवणाऱ्या कुत्र्याला ‘लूत लागली’ म्हणून रॉकेल, जळके ऑइल किंवा फिनाइल लावले जाते. ते कातडी भाजते आणि कुत्रा अंग चाटत असल्याने पोटातही जाते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या मिश्र मलमांत तीव्र स्टेरॉइड असते, तेही चाटले जाते. हळद आणि खोबरेल तेलाने ॲलर्जी थांबत नाही. तेलकट थराखाली यीस्ट वाढण्याची भीती असते. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेले कुत्र्यांचे औषध वापरू नये, मांजरासाठी ते घातक आहे.

डॉक्टरांकडे जाताना

खाज कोणत्या महिन्यात सुरू झाली, कुठे जास्त आहे, घरात आणखी कोणाला खाज येते का, काय काय खायला दिले जाते आणि आधी कोणती औषधे झाली, हे लिहून न्यावे. शून्य ते दहा या पट्टीवर रोजची खाज नोंदवली तर औषधाचा उपयोग होतो आहे का ते स्पष्ट कळते. मुंबईतील परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही कुत्र्यांवर उपचार होतात.

तोंड अचानक सुजणे, अंगभर गांधी उठणे, श्वास लागणे किंवा कोसळणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी क्रम बाजूला ठेवून तत्काळ दवाखाना गाठावा. एरवी मात्र पिसवा, संसर्ग, खाद्य आणि मग वातावरण हा क्रम पाळला की औषधाची मात्रा कमी राहते, खर्च आटोक्यात येतो आणि कुत्र्याला रात्रीची झोप मिळते.