नाव न सांगण्याच्या अटीवर

‘नाव न सांगण्याच्या अटीवर एका वरिष्ठ अधिकाऱ्याने ही माहिती दिली’, हे वाक्य वृत्तपत्रवाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. इंग्रजीतील ‘ऑन कंडिशन ऑफ ॲनॉनिमिटी’ या वाक्प्रचाराचे ते भाषांतर. पण आता ते मराठीत इतके रुळले आहे की, त्याचे परकेपण जाणवत नाही. आमच्या मते यातील कळीचा शब्द ‘नाव’ हा नसून ‘अट’ हा होय. अट कोणी घातली आणि कोणाच्या सोयीसाठी, असे विचारले म्हणजे या वाक्प्रचारामागील इतिहास उलगडू लागतो.

निनावीपण हे दुर्बळाचे कवच, अशी सामान्य समजूत आहे. अमेरिकेत मात्र या प्रथेला नियमबद्ध रूप दिले ते सत्ताधीशांनी. अध्यक्ष कॅल्विन कूलिज (१९२३-१९२९) वार्ताहरांना नियमाने भेटत. परंतु प्रश्न आधी लिहून द्यावे लागत, आणि उत्तरे अध्यक्षांच्या नावावर छापता येत नसत. तेव्हा वार्ताहर ती ‘व्हाइट हाउसचा प्रवक्ता’ नामक एका अदृश्य पुरुषाच्या तोंडी घालीत. पुढे फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ८ मार्च १९३३ रोजी, पदग्रहणानंतर चौथ्याच दिवशी, पहिली वार्ताहर परिषद घेतली. लेखी प्रश्नांची अट त्यांनी काढून टाकली. पण बोलण्याचे वर्ग पाडून दिले. शब्दशः अवतरण लेखी अनुमतीनेच द्यावयाचे. ‘बॅकग्राउंड’ म्हणून सांगितलेले व्हाइट हाउसचा उल्लेख न करता वापरावयाचे. आणि ‘ऑफ द रेकॉर्ड’ सांगितलेले गैरहजर सहकाऱ्यासही कळवावयाचे नाही. वार्ताहरांना माहिती पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक मिळू लागली, हे खरे. तथापि कोणत्या शब्दांची जबाबदारी घ्यावयाची, हे बोलणाराच ठरवू लागला.

या प्रथेची उजळ बाजू वॉटरगेट प्रकरणात दिसली. १९७२ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या बॉब वुडवर्ड यांना वाट दाखविणारा ‘डीप थ्रोट’ हा वस्तुतः एफबीआयमधील दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी मार्क फेल्ट होता, हे २००५ मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांनी, उघड झाले. तेही त्याने स्वतः सांगितले तेव्हा. तोवर पत्रकारांनी दिलेला शब्द पाळला.

काळी बाजू दिसली ती इराकसंबंधी. ८ सप्टेंबर २००२ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अनाम अधिकाऱ्यांच्या आधारे लिहिले की, इराक अण्वस्त्रांसाठी ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवू पाहत आहे. त्याच दिवशी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी दूरचित्रवाणीवर त्याच वृत्ताचा दाखला दिला. शासनातून निनावी निघालेली गोष्ट वृत्तपत्राचे नाव धारण करून शासनाच्याच साक्षीस आली! मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झाले. आणि आपल्या अशा वृत्तांची छाननी पुरेशी कठोर नव्हती, असे त्या पत्राच्या संपादकांनी २६ मे २००४ रोजी मान्य केले.

आपल्याकडे १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याच्या पंधराव्या कलमान्वये, कौन्सिलपुढील चौकशीत पत्रकारावर वृत्ताचा उगम सांगण्याची सक्ती करता येत नाही. हे संरक्षण योग्यच आहे. कारण नाव फुटल्यास ज्याची भाकरी जाईल, अशा माणसाला दुसरा आश्रय नसतो. परंतु तेच पांघरूण मंत्र्याने वा सचिवाने घेतले, तर त्याखाली झाकली जाते ती केवळ जबाबदारी.

मराठी वृत्तपत्रे अशा वेळी ‘सूत्रांकडून कळते’ असे लिहितात. संस्कृत नाटकातील सूत्रधार प्रस्तावनेत नाटकाचे आणि कवीचे नाव सांगतो, आणि मग खेळ सुरू होतो. वृत्तपत्रातील ‘सूत्रे’ कर्त्याचे नावच तेवढे गाळतात. म्हणून विद्यार्थ्यांसमवेत वृत्तपत्र वाचताना शिक्षकांनी हे वाक्य आले की क्षणभर थांबावे, आणि नाव उघड झाले असते तर बोलणाऱ्याचे काय गेले असते, एवढे विचारावे. उत्तर ‘नोकरी’ असेल तर ती अट रास्त समजावी; ‘काहीच नाही’ असे असेल तर ते वृत्त दुसरा पुरावा मिळेपर्यंत बाजूस ठेवावे.