प्रकाशवर्ष आणि भास्कराचार्यांची खकक्षा : खगोलीय अंतरमापनाचा तुलनात्मक विचार

‘प्रकाशवर्ष’ या संज्ञेत ‘वर्ष’ हा शब्द असला तरी ते कालाचे नव्हे, अंतराचे एकक होय. सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर या वेगाने प्रकाश एका वर्षात जे अंतर कापतो ते, म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर, एक प्रकाशवर्ष. हे एकक आधुनिक असले, तरी स्थिर गतीला कालाने गुणून आकाश मोजण्याची युक्ती महाराष्ट्रात आठशेहून अधिक वर्षांपूर्वी अभ्यासली जात होती. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ (इ.स. १२०७) चा शिलालेख या अभ्यासाची साक्ष देतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी स्थापलेल्या मठाला मिळालेल्या दानाची त्यात नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला.

‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ शके १०७२ (इ.स. ११५०) मधील. सर्व ग्रह रोज सारखीच योजने चालतात, दूरच्या ग्रहाची कक्षा मोठी म्हणून तो मंद भासतो, हे त्यातील गृहीतक. ४३२ कोटी वर्षांच्या एका कल्पात ग्रह जी योजने आक्रमितो, ती म्हणजे ‘खकक्षा’ : १८,७१,२०,६९,२०,००,००,००० योजने. या संख्येला ४३२ कोटींनी भागले असता ४३,३१,४९७½ योजने येतात व तीच सूर्याची कक्षा ठरते. नक्षत्रांची कक्षा सूर्याच्या साठपट. ब्रह्मांड एवढेच आहे की नाही याविषयी मात्र आचार्य हमी देत नाहीत. ग्रहाने कल्पात चाललेले हे अंतर आहे, इतकेच आपले मत असल्याचे ते नमूद करतात. अशा प्रचंड संख्येपुढे हा संयम विशेष लक्षणीय वाटतो.

योजनाच्या लांबीविषयीचा वाद जुना आहे. तो टाळण्यासाठी ग्रंथातीलच पृथ्वीचा व्यास (१५८१ योजने) प्रमाण धरून ही अंतरे प्रकाशाच्या भाषेत मांडता येतात. चंद्राचे ५१,५६६ योजनांचे अंतर पृथ्वीच्या सुमारे ६५ त्रिज्यांइतके भरते. प्रकाशाला ते कापण्यास १.४ सेकंद लागतील, प्रत्यक्षात १.२८ लागतात. सूर्याचे ६,८९,३७७ योजनांचे अंतर ८७२ त्रिज्यांचे, म्हणजे प्रकाशाला जेमतेम साडेअठरा सेकंदांचे. प्रत्यक्षात सूर्यप्रकाश आपल्याकडे ८ मिनिटे १९ सेकंदांनी पोहोचतो. साठपटीच्या हिशेबाने नक्षत्रे साडेअठरा मिनिटांवर येतात, तर सूर्याखेरीज सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. खकक्षेची त्रिज्या मात्र सुमारे अडीच हजार प्रकाशवर्षे निघते.

चंद्राचे अंतर इतके जवळ आणि सूर्याचे सत्तावीसपट कमी, असे का व्हावे? पृथ्वीची त्रिज्या ही ग्रहाच्या दैनंदिन योजनगतीचा पंधरावा भाग मानली जाई. त्यामुळे क्षितिजावरील लंबनही दैनंदिन गतीच्या पंधराव्या भागाइतके येई. चंद्राचे असे लंबन सुमारे ५३ कला. सूर्यग्रहणात ते प्रत्यक्ष पडताळता येण्याजोगे होते. सूर्याचे लंबन या नियमाने सुमारे ४ कला येते, खरे पाहता ते ९ विकलांहूनही कमी आहे. एवढा फरक नुसत्या डोळ्यांनी निश्चित करणे अवघड होते. त्यामुळे चंद्राच्या बाबतीत बऱ्याच अंशी जुळलेला नियम इतर ग्रहांना न पडताळताच लागू झाला. उणीव गणिताची नसून वेधसाधनांची होती, असे म्हणणे न्याय्य ठरेल.

ती उणीव दुर्बिणीने भरून काढली. १६७६ मध्ये रोमर यांनी गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून प्रकाशाला प्रवासासाठी वेळ लागतो हे दाखविले. १८३८ मध्ये बेसेल यांनी हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचे लंबन मोजले व तेथून प्रकाश येण्यास सुमारे १०.३ वर्षे लागतात असे मांडले. आजचे मूल्य ११.४ आहे. प्राचीनांना प्रकाशवर्ष ज्ञात होते, असे विधान अधूनमधून केले जाते. खकक्षेत गती ग्रहाची आहे, प्रकाशाची नव्हे. तेव्हा त्या विधानास येथे आधार मिळत नाही.

२०१७ मध्ये पुण्याच्या आयुका व आयसर या संस्थांतील संशोधकांनी अन्य सहकाऱ्यांसह ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह शोधल्याचे जाहीर केले. त्याचे अंतर सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे सांगण्यात आले. ४३२ कोटी वर्षांच्या कल्पाशी या आकड्याची जवळीक निव्वळ योगायोगाची होय. इतक्या दूरच्या वस्तूंचे अंतर लंबनाने मिळत नाही, वर्णपटाच्या ताम्रसृतीवरून काढावे लागते. शिवाय प्रकाश वाटेत असताना विश्व प्रसरण पावत राहते. प्रकाशाच्या प्रवासाचा काळ आणि त्या वस्तूचे आजचे अंतर यांचे आकडे म्हणूनच भिन्न येतात, व यांपैकी कोणता दिला आहे हे प्रत्येक वेळी स्पष्ट करावे लागते.