ओळीवर बोट टेकलं, पण यादीला कळलं का?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. विषय वरवर छोटा आहे: मोबाइलवरच्या यादीत एखाद्या ओळीवर बोट ठेवलं की ती क्षणभर उजळते. हे आलं कुठून?

बटणांच्या फोनवर हा प्रश्नच नव्हता, बोटाला खटका जाणवायचा. काच खटका देत नाही, म्हणून ते काम डोळ्यांकडे आलं. आणि तेही लगेच व्हायला हवं. कळ दाबल्याची पोच 0.1 ते 0.2 सेकंदात मिळावी, असं रॉबर्ट मिलर यांनी 1968 सालीच मांडलं होतं.

अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत निवडलेली ओळ नारिंगी-पिवळसर व्हायची. 2011 मध्ये होलो थीम आली आणि रंग निळा झाला. आयफोनवरही ओळ निळीच व्हायची, 2013 च्या आयओएस 7 पासून ती राखाडी झाली. मग जून 2014 मध्ये गूगलनं मटेरियल डिझाइन आणलं. आता बोट जिथे टेकलं तिथूनच लाट पसरते, पाण्यात खडा टाकावा तशी. अँड्रॉइड 5.0 मध्ये हीच रिपल आली.

यादीची खरी गोम वेगळीच आहे. त्याच बोटानं आपण यादी सरकवतोही. म्हणून सरकणाऱ्या यादीत अँड्रॉइड साधारण 100 मिलिसेकंद थांबतं आणि मगच ओळ दाबलेली दाखवतं. ही वाट पाहिली नाही, तर नुसतं स्क्रोल करतानाही ओळी लुकलुकत राहतील.

लाट आपल्या मनासारखी करणं सोपं आहे. फ्लटरमध्ये इंकवेलला लाटेचा रंग आणि कोपऱ्यांची गोलाई देता येते. पण ही लाट खालच्या मटेरियलवर रंगते. मध्ये रंगीत कंटेनर टाकला की ती त्याच्याखाली झाकली जाते, आणि आपण तासभर कोड चाळत बसतो. तिथे कंटेनरऐवजी इंक विजेट वापरायचं.

एवढा आटापिटा कशासाठी? आमच्या शहागडकडे, गोदाकाठच्या शिवारात बघा. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवरून पिकाची नोंद करतो. वर ऊन, बोटाला माती, समोर यादी. अशा कुठल्याही ॲपमध्ये ओळ उजळली नाही, तर माणूस पुन्हा दाबतो. तोवर पुढचा स्क्रीन आलेला असतो आणि दुसरा टॅप भलत्याच पिकावर पडतो. चूक नोंदीत जाते, आणि हेलपाटा शेतकऱ्याला पडतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: लाटेचा रंग एसीत बसून ठरवू नका. फोन घेऊन भर दुपारी बाहेर जा. उन्हात दिसला, तरच तो रंग ठेवा.

भेटू पुढच्या भागात.