स्केटिंगपटूचा दमसास किती? रक्ताच्या एका थेंबातून असा कळतो

मेहरूण (जळगाव) : मेहरूण तलावाकाठी सकाळी चालणारे, धावणारे अनेक जण दिसतात. दम किती टिकतो, हे ते घड्याळ आणि श्वासावरून ओळखतात. स्पर्धेत उतरणाऱ्या स्केटिंगपटूंसाठी मात्र आणखी एक नेमकी पद्धत आहे : रक्तातील लॅक्टेटची तपासणी.

लॅक्टेट म्हणजे काय?
स्नायू साखरेपासून ताकद मिळवताना लॅक्टेट तयार होतं. आरामात असताना ते रक्तात साधारण 0.5 ते 2 मिलिमोल प्रतिलिटर असतं. वेग कमी असेल तर हृदय, यकृत आणि इतर स्नायू ते वापरून टाकतात. वेग ठराविक मर्यादेपलीकडे गेला की ते साचू लागतं. या मर्यादेला ‘लॅक्टेट थ्रेशोल्ड’ म्हणतात. तिच्या खाली खेळाडू बराच वेळ टिकतो; फार वर गेला की काही मिनिटांत मांड्या भरून येतात.

चाचणी कशी होते?
खेळाडू ठरलेल्या वेगाने 3 ते 5 मिनिटं स्केटिंग करतो. मग बोटाच्या टोकातून किंवा कानाच्या पाळीतून थेंबभर रक्त घेतात. शुगर तपासतात तसंच छोटं यंत्र आणि पट्टी असते. आकडा मिनिटभरात कळतो. मग वेग वाढवून पुन्हा तेच. समजा, ताशी 28 किमी वेगाला आकडा 4 आला आणि दोन महिन्यांच्या सरावानंतर तोच आकडा 30 किमीला आला, तर दमसास वाढला. 4 हा ढोबळ आकडा आहे. प्रत्येकाची मर्यादा थोडी वेगळी असते.

स्केट्सवरच चाचणी का?
स्केटिंगमध्ये गुडघे वाकवून, खाली बसल्यासारखं राहावं लागतं. त्यामुळे मांडीचे स्नायू आवळलेले राहतात, रक्तपुरवठा कमी पडतो आणि लॅक्टेट लवकर वाढतं. म्हणून धावण्याच्या चाचणीतला आकडा स्केटिंगला जसाच्या तसा लावता येत नाही.

इथे चूक होते
• घामातही लॅक्टेट असतं. त्वचा पुसून कोरडी करावी, पहिला थेंब टाकून द्यावा.
• उपाशीपोटी किंवा आदल्या दिवशी दमल्यावर आकडा कमी दिसू शकतो. तो दमसास वाढल्याचा पुरावा नाही.
• खानदेशच्या उन्हात आकडा वाढतो. दोन चाचण्या सारख्याच वेळी, सारख्याच हवेत घ्याव्यात.
• सुई प्रत्येकाला नवीनच हवी.

दुसऱ्या दिवशीचं अंगदुखणं लॅक्टेटमुळे येतं, हा समजही चुकीचा. व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात ते पूर्ववत होतं.

यंत्र नसेल तर?
सराव करताना पूर्ण वाक्य सहज बोलता येत असेल तर वेग मर्यादेच्या आत आहे. दोन-तीन शब्दांतच धाप लागली तर मर्यादा ओलांडली. शिवाय महिन्यातून एकदा, त्याच रस्त्यावर 20 मिनिटांत किती अंतर कापलं, ते वहीत लिहावं.

दमसासाचं मोल किती, हे हांगझोऊ आशियाई स्पर्धेत दिसलं. 2 ऑक्टोबर 2023 रोजी भारताच्या पुरुष आणि महिला संघांनी 3000 मीटर रिलेत कांस्यपदकं जिंकली. 2025 मध्ये तमिळनाडूचा आनंदकुमार वेलकुमार 1000 मीटरमध्ये जगज्जेता झाला. ही शर्यत दीड मिनिटाच्या आत संपते, पण शेवटच्या फेरीत पाय साथ देतात ते महिनोन्‌महिन्यांच्या मोजूनमापून केलेल्या सरावामुळेच.