पाळीच्या सायकलीपासून घाटाच्या सायकलीपर्यंत

दापोडीला मुळा नदी ओलांडली की जुना मुंबई-पुणे रस्ता कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी असा वायव्येला निघतो आणि देहूरोड, सोमाटणे फाटा, तळेगाव, वडगाव, कामशेत करत लोणावळ्याला पोचतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील सायकलवाटांचा इतिहास म्हणजे प्रामुख्याने हा एक रस्ता आणि त्याला दोन्ही अंगांनी येऊन मिळणारे गावरस्ते. या वाटांवर आधी कारखान्याचा कामगार पायडल मारत होता. आता हौशी आणि स्पर्धक सायकलपटू मारतात. मधल्या काळात सायकलीला रस्त्यावरून हटवणारी वाहने याच पट्ट्यात तयार झाली.

रस्ता जुना आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, बोरघाटातून चाकाच्या वाहनांना चालेल असा रस्ता खुला झाला. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग पूर्ण झाला आणि रस्त्यावरची लांबची वाहतूक बरीचशी रेल्वेकडे गेली. सायकलीच्या दृष्टीने या रस्त्याचे दोन सरळ भाग पडतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, तर लोणावळा सुमारे ६२० मीटरवर. म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटरच्या अंतरात एकूण चढ फारच थोडा. खंडाळ्यापुढे मात्र घाट एकदम कोसळतो आणि खोपोलीपर्यंत पाचशे मीटरहून अधिक उतार लागतो. पहिल्या भागाला गियर नसलेली साधी सायकल पुरते. कामगारांच्या सायकली धावल्या त्या या भागात, आणि शर्यतीच्या सायकलींचा कस लागला तो दुसऱ्या भागात.

सायकल इथे विलायतेहून आली. बर्मिंगहॅमची हर्क्युलस आणि बीएसए, नॉटिंगहॅमची रॅले ही नावे मराठी घरांत कित्येक वर्षे आदराने घेतली जात. मराठी मुलखात सायकलविक्रीचा आरंभीचा धंदा किर्लोस्कर बंधूंचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत शिक्षक असताना तिथून सायकली पाठवत आणि बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकत, शिवाय गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. १८८८ मध्ये सुरू झालेल्या त्या दुकानातून पुढे लोखंडी नांगराचा कारखाना आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच उद्योगसमूहाने १९४६ मध्ये खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. तोवर खडकी कारखान्यांना नवखी नव्हती. तिथला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. खडकी आणि देहूरोडच्या लष्करी आस्थापनांत कामाला जाणारे नागरी कामगार हे या रस्त्यावरचे पहिले नेमाने सायकल चालवणारे लोक.

पुणे शहर तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. नगरपालिकेचा सायकल-कर भरायचा, त्याचा पितळी बिल्ला सायकलीला लावायचा, अंधार पडला की दिवा लावायचा आणि डबलसीट जायचे नाही, हे नियम तिथल्या शाळकरी मुलालाही पाठ असत. स्वातंत्र्यानंतर परदेशी सायकलींची जागा देशी सायकलींनी घेतली. मद्रासजवळ अंबत्तूरला, सोनीपतला, आसनसोलला आणि लुधियानाला मोठे कारखाने निघाले आणि सायकल नोकरदाराच्या ऐपतीत आली. पिंपरीचे औद्योगिक पर्व सुरू झाले ते याच सुमारास.

१९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी परिसरात भूखंड पडू लागले. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आणि बजाज टेम्पो, तर १९६६ मध्ये टेल्को आली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण निघाले आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. कारखाने भराभर उभे राहिले. घरे आणि बस त्या वेगाने आल्या नाहीत. कामगार राहत होता चिखली, तळवडे, रावेत, थेरगाव, रहाटणी, मोशी, देहू, आळंदी अशा गावांत किंवा पुण्याच्या पेठांत. गाव ते गेट हे अंतर बहुधा पाच ते पंधरा किलोमीटर. चालायला ते जास्त होते आणि बस पाळीची वेळ सांभाळेल याची खात्री नव्हती. हे अंतर सायकलीने भरून काढले.

पाळी हेच या वाटांचे घड्याळ होते. पहिल्या पाळीचा माणूस पहाटे गाव सोडी, दुसऱ्या पाळीचा मध्यरात्री घरी पोचे. भोंगा झाला की गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडे आणि पुढे फाट्याफाट्याला विखुरत जाई. सायकल असे ती काळी, पोलादी, अठ्ठावीस इंची चाकांची. मागच्या कॅरिअरला कडीचा डबा, पुढच्या नळीवर पोरासाठी बसवलेली छोटी सीट, मडगार्डच्या टोकाला मालकाचे नाव रंगवलेले. पँटचा पायचा चेनमध्ये अडकू नये म्हणून घोट्याशी क्लिप. रातपाळीवाल्याचा डायनॅमो टायरला घासत घुंई आवाज करी आणि चढावर वेग मंदावला की दिवाही मंद होई. प्रत्येक फाट्यावर पंक्चरवाला असायचाच. घमेलेभर पाणी, कानस, रबराचे तुकडे, सोल्यूशनची नळी आणि हवेचा पंप एवढे त्याचे भांडवल. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडे येतील तिथे बोट ठेवायचे, जागा पुसून घासायची, ठिगळ दाबून बसवायचे. गिऱ्हाईक पाळीला उशीर होतो म्हणून घाई करत उभे.

इंग्लंडमधील औद्योगिक शहरांत सायकलीची दिशा याच्या उलट होती. १८९४ मध्ये बर्मिंगहॅमला निघालेल्या क्लॅरियन सायकल क्लबातील समाजवादी विचारांचे कामगार रविवारी शहरातून बाहेर पडत आणि आसपासच्या खेड्यापाड्यांत सायकली नेत. त्यांना धुरापासून सुटका हवी होती. पर्यटनासाठी सायकल चालवणाऱ्यांचा राष्ट्रीय क्लब तर तिथे १८७८ पासूनच होता आणि चांगल्या रस्त्यांची मागणी त्या देशात आधी सायकलवाल्यांनी लावून धरली. पिंपरीचा कामगार मुळात खेड्यातच राहत होता. त्याची सायकल हिरव्या शिवारातून धुराकडे जाई आणि सुट्टीच्या दिवशी शेताकडे. रपेट म्हणून सायकल चालवण्याची सवय त्याला नव्हती आणि तशी गरजही नव्हती. म्हणूनच त्याच्या वाटांची नकाशापुस्तके कधी निघाली नाहीत. वाटा मात्र त्यानेच रुळवल्या.

सायकलीला उतरती कळा लागली ती याच कारखान्यांच्या मालामुळे. १९७२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. आकुर्डीहून बजाजची चेतक स्कूटर बाजारात आली आणि कायनेटिकची लुना आली. लुना ही सायकल आणि स्कूटर यांच्यामधली पायरी होती. तिला पन्नास सीसीचे इंजिन होते, पण पायडलही होते. पेट्रोल संपले तर ती पायांनी हाकता येई. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, म्हणून अनेक कामगारांच्या घरी आधी लुना आली. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि लांबून येणाऱ्यांच्या सायकली गेटऐवजी स्टेशनाबाहेरच्या स्टँडवर थांबू लागल्या. नव्वदच्या दशकात मोटारसायकल हप्त्यावर मिळू लागली तेव्हा उरलेली सायकलही ओट्याला टेकली. स्कूटर जोडणारे हात कामाला सायकलीवरून आले होते. त्यांच्या मुलांनी कामासाठी सायकल घेतली नाही.

चाकणची गोष्ट वेगळी. शायिस्ताखानाविरुद्ध १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने लढवलेला संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार एवढीच या गावाची जुनी ओळख. इथे उद्योग आले ते मुख्यतः १९९० नंतर. बजाजने मोटारसायकलींचा कारखाना काढला, २००९ मध्ये फोक्सवॅगन सुरू झाली आणि मर्सिडीज-बेंझनेही आपला कारखाना इथे आणला. पिंपरी सायकलीच्या काळात वाढली, चाकण कंपनीची बस आणि मोटारसायकल यांच्या काळात. इथे रेल्वे नाही. पुणे-नाशिक आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर या दोन रस्त्यांवर कंटेनर, ट्रेलर आणि बसची गर्दी असते आणि कडेने सायकल जाईल अशी पट्टी सहसा सापडत नाही. तरीही म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी इथल्या खोल्यांत राहणारे कंत्राटी कामगार सायकलीवर कामाला जाताना आजही दिसतात.

जुन्या रस्त्याला दुसरा जन्म मिळाला तो द्रुतगती मार्गामुळे. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकल आणि दुचाकीला प्रवेश नाही. त्याने लांबच्या मोटारींचा मोठा भार आपल्याकडे घेतला आणि जुना रस्ता, निदान देहूरोडच्या पुढे, सायकलीला पुन्हा सोयीचा झाला. शर्यतीची परंपरा त्यावर आधीपासून होती. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळे आणि शर्यत जिंकण्याइतकाच तो मानाचा समजला जाई. गेल्या वीस वर्षांत तिच्या जोडीला ब्रेव्हेची पद्धत रुजली. मूळ फ्रान्सच्या या प्रकारात क्रमांक नसतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत पूर्ण करायचे एवढाच नियम. आषाढीच्या सुमारास पंढरपूरची सायकलवारीही सुरू झाली. या सायकलस्वारांत पट्ट्यातील कारखान्यांचे अभियंते आणि हिंजवडीचे संगणक कर्मचारी बरेच आहेत.

त्यांच्या आवडत्या वाटा पाहिल्या तर थोड्या अंतरात प्रदेश किती बदलतो हे कळते. निगडीहून लोणावळा सुमारे चाळीस किलोमीटर. वाटेत डोंगरातली घोरावडेश्वराची लेणी, वडगावला १७७९ च्या मराठे-इंग्रज लढाईची जागा आणि त्या मोहिमेत पडलेल्या इंग्रज अधिकारी इष्टुर फाकड्याची समाधी, पुढे कार्ला-भाजे. वडगावच्या भात संशोधन केंद्रात १९८७ मध्ये तयार झालेला इंद्रायणी तांदूळ आता या सगळ्या मावळाचे पीक आहे. कामशेतला डावीकडे वळले की रस्ता पवनानगरच्या धरणाकडे जातो. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चार किल्ले या एका टापूत दिसतात, आणि तिकोना पेठेहून कोळवणमार्गे पौडला उतरता येते. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पूर्वेला चाकणकडे तो झपाट्याने घटत जातो. म्हणून तळेगावहून इंदोरीमार्गे चाकणला जाताना भातखाचरे मागे पडतात आणि कांदा-बटाट्याची राने लागतात. या वाटेवर तुकोबांच्या आठवणींशी जोडलेले भंडारा आणि भामचंद्र हे डोंगर उभे आहेत. देहू-आळंदी हा छोटा टप्पा पालखीच्या लोकांना पाठ आहे. चाकणपुढे राजगुरुनगर आणि वाडामार्गे भीमाशंकरची वाट पुन्हा ओल्या, जंगली मुलखात शिरते.

जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ या आंतरराष्ट्रीय मानांकनाच्या टप्प्याटप्प्यांच्या शर्यतीने पुणे जिल्ह्यात पाच दिवसांत ४३७ किलोमीटरचा मार्ग घेतला. सायकलीसाठी रस्ते नीट करता येतात हे त्यातून दिसले. तशी नीटनेटकी कड आता चाकणच्या पाळीवाल्या रस्त्यांनाही मिळायला हवी, कारण तिथे सायकल अजून हौसेसाठी नव्हे, हजेरीसाठी चालते.