नागोयाची तार, ओव्याची हळद

ओवे, खारघर, तळोजे, पनवेल या पट्ट्यात हळदीची रात्र म्हटली की बेंजो आलाच. गायकाने तोंड उघडायच्या आधी गाण्याची चाल तारेवर वाजते आणि मांडवातल्या काकू-मावश्या पदर खोचून उठतात. सिडकोचे टॉवर उभे राहिले, २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली, तरी हा आवाज टिकून आहे. हे वाद्य आगरी-कोळ्यांचं, गणपतीच्या मिरवणुकीचं, मुंबईच्या चाळींचं, असंच आपण धरून चालतो.

जन्माने मात्र ते जपानी आहे.

१९१२ साली जपानमध्ये तैशो राजवट सुरू झाली. त्याच वर्षी नागोया शहरात मोरिता गोरो या वादकाने एक छोटं वाद्य तयार केलं. पोकळ लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि वर टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हाताने नखीने तार छेडायची. नाव पडलं तैशोगोतो, म्हणजे तैशो काळातलं कोतो. मूळचं कोतो मोठं आणि शिकायला अवघड. हे स्वस्त, मांडीवर मावणारं, घरच्या घरी जमणारं.

जपानमधून ते दक्षिण आशियात पोचलं. उत्तर भारतात बुलबुल तरंग झालं, बलुचिस्तानात बेंजू आणि आपल्याकडे बेंजो. अमेरिकेतल्या गोल, कातडं ताणलेल्या बँजोशी त्याचं नावापुरतंच नातं.

पण पेटीतल्या तारेचा आवाज नाजूक. ढोल-ताशापुढे तो ऐकू येणार कसा? उत्तर मिळालं पिकअपमधून. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे देतात. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज निर्माण होते, ती अँप्लिफायरमधून स्पीकरला जाते. इलेक्ट्रिक गिटारही याच तत्त्वावर चालते. म्हणजे मिरवणुकीच्या गाडीवरचा बेंजो हा गिटारचा चुलतभाऊच.

त्या भावाची जपानमधली गोष्टही ऐकण्यासारखी आहे. सत्तरच्या दशकात आयबानेझ, ग्रेको, तोकाई या जपानी ब्रँडांखाली अमेरिकी गिटारींच्या हुबेहूब नकला निघत होत्या. १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा लावला. भांडण होतं खुंट्या बसवतात त्या टोकाच्या आकारावरून. पुढच्या वर्षी तडजोड झाली. पण नकला इतक्या चांगल्या उतरायला लागल्या होत्या की १९८२ साली फेंडरने स्वतःच जपानी भागीदारांबरोबर फेंडर जपान काढली. ज्यांना 'नक्कल' म्हणून हिणवलं, त्या गिटारी आज संग्राहक शोधत फिरतात. नाव अमेरिकी नसलं तरी लाकूड, जोडकाम आणि हात चोख होता, हे लोकांना उशिरा पटलं.

बेंजोचंही तसंच झालं. वाद्य बाहेरून आलं. पिकअप, ठेका आणि चाली इथल्या झाल्या. शेजारी वाजणारा ऑक्टापॅडही जपानचाच, रोलँड कंपनीने १९८५ साली आणलेला. तरी आगरी गाणं त्या दोघांवर वाजलं की ते जपानी वाटत नाही. वाद्य कुठे जन्मलं याच्याइतकंच ते कोणाच्या हातात वाढलं यालाही महत्त्व आहे.

फरक एकच, पण मोठा. त्या काळातल्या आयबानेझच्या अनुक्रमांकातलं पहिलं अक्षर महिना सांगतं, पुढचे दोन आकडे वर्ष. पन्नास वर्षांनंतरही गिटारचा वाढदिवस काढता येतो. हळदीतल्या बेंजोवर असा दाखला शोधून पाहा. पहिला पिकअप कोणी बसवला, कोणत्या सुताराने पेटी जोडली, कोणत्या गावच्या पार्टीने कोणती चाल आधी वाजवली, हे बहुतेक वाजवणाऱ्यांच्या आठवणीतच आहे. २०१६ साली रवी जाधव यांनी 'बेंजो' नावाचा हिंदी सिनेमा केला, पण सिनेमा म्हणजे नोंद नव्हे. त्यात आता अख्ख्या पार्टीच्या जागी एक डीजे आणि त्याचा लॅपटॉप पुरतो. हात थांबले की आठवणीही थांबतात.

पुढच्या हळदीत नाच झाल्यावर पाच मिनिटं बेंजोवाल्या दादांपाशी बसा. वाद्य कुठून आणलं, कोणाकडे शिकलात, तारा कुठल्या लावता, एवढंच विचारा आणि त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. नाचाचा व्हिडिओ सगळेच काढतात. हा इतिहास लिहायला लागणारं यंत्र तुमच्या खिशातच आहे.